टमाटरची पाने वळून राहिली आहेत, नेमके काय झाले असेल? (नागपूर, गच्चीवरची बाग)

गच्चीवाली
नमस्कार मंडळी,
आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. वर मोकळी गच्ची आहे, तिथे सात-आठ कुंड्या आणि दोन ग्रो बॅगांमध्ये टमाटर लावले आहेत. काही रोपे नर्सरीतली, काही घरच्या बियांची. डिसेंबरात लावली. संक्रांतीपर्यंत झाडे अशी तरारली होती की शेजारच्या काकू मुद्दाम जिना चढून बघायला यायच्या.
आता मार्च लागला, ऊन तापले आणि पाने वळायला लागली. काही झाडांची पाने वर वळलीत, एक झाड तर दुपारी मानच टाकते. काही ठिकाणी फळे धरली आहेत, काही ठिकाणी फुले नुसतीच गळून राहिली आहेत.
माळीदादा म्हणाले, "ताई, कोकडा (पाने आकसण्याचा रोग) आला, औषध मारा." कोणते, तर दुकानदार देईल. दुकानदाराने झाड न बघता, प्रश्न न विचारता तीन बाटल्या काउंटरवर मांडल्या. मी तशीच परत आले. घरात लहान पोर आहे, ते टमाटर तोडून तिथेच खाते.
तर प्रश्न असा की हे काय आहे, आणि मी काय फवारू?

संत्राबर्फी
मार्चनंतर नागपुरात माणसेसुद्धा सावलीकडे वळतात. पानांचे काय घेऊन बसलात!
(जाणकार येतीलच. मी पहिला नंबर लावून ठेवला.)

निशिगंधा
नीम तेल. एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, नीट घुसळून घ्या नाहीतर तेल वर तरंगते. ऊन उतरल्यावर फवारायचे, आणि पानाच्या खालच्या बाजूने. सगळे जण वरून फवारतात आणि म्हणतात गुण येत नाही. दर आठवड्याला. माझ्या बागेत दुसरे काही लागतच नाही.

ताकतुंबा
आंबट ताक! तांब्याचा तुकडा टाकून चांगले आठ-दहा दिवस आंबवायचे, मग एकास दहा पाणी. त्यात थोडी हळद आणि हिंग.

संत्राबर्फी
@ताकतुंबा, अजून थोडे बेसन टाका, कढीच होऊन जाईल.

कोथरूडकर
पाणी कमी पडतंय. आमच्याकडे मार्चमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं की पानं ताठ उभी राहतात. सोपं आहे.

बेसा_रोड
>>आमच्याकडे मार्चमध्ये>>
दादा, तुमचा मार्च आणि आमचा मार्च वेगळा आहे. तुमच्याकडे जेव्हा लोक पंखा लावायचा का विचार करतात तेव्हा आमचे कूलर रंगून झालेले असतात.

पर्णरंध्र
गच्चीवाली ताई, बाटल्या न घेता परत आलात ते बरे केले. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. इथे तीन जणांनी तीन उपाय सांगितले, पण झाडाला काय झाले आहे ते अजून कोणी विचारले नाही. पान वळणे हे लक्षण आहे. त्यामागे ऊन असते, किडी असतात, विषाणू असतो, तणनाशक असते, मुळांचा रोग असतो. यातल्या निम्म्या गोष्टींवर कुठलेही फवारे चालत नाहीत.

आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर वर जा आणि एकेका कुंडीपुढे बसून बघा. वळलेली पाने शेंड्याची आहेत की बुडाची? कडा वर वळल्यात की खाली? पान जाड, चामड्यासारखे लागते का, की लहान आणि पातळ आहे? कडा पिवळ्या आहेत का? झाड वाढते आहे की थांबले? पान उलटून खालची बाजू बघा, भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा. झाड हलकेच हलवा, काही उडते का पाहा. जे झाड दुपारी मान टाकते ते रात्री परत उभे राहते का? आणि माती बोटभर खोल ओली आहे की कोरडी?
सगळ्या झाडांचे एकत्र सांगू नका, प्रत्येक कुंडीचे वेगळे लिहा. एकाच गच्चीवर तीन वेगळे आजार असू शकतात.

निशिगंधा
सर, तुमचे बरोबर असेल, पण नीम तेलाने नुकसान तर काही होत नाही ना? तपासत बसेपर्यंत कीड पसरते.

पर्णरंध्र
होते. भर उन्हात किंवा तहानलेल्या झाडावर तेल मारले तर पाने करपतात. मग ते करपणेही रोगच वाटते आणि माणूस दुसरे औषध आणायला धावतो. तुम्ही संध्याकाळची वेळ सांगितली ते योग्यच आहे, पण वाचणारे ती ओळ गाळतात.

गच्चीवाली
सर, सांगितले तसे पाहिले. कॉपी-पेन घेऊन गेले होते, सासूबाई म्हणाल्या आता झाडांचीही हजेरी घेते का.

पाण्याच्या टाकीजवळच्या चार कुंड्या: बुडाची आणि मधली पाने लांबीच्या दिशेने वर वळलीत, जवळजवळ नळीच झाली. पान जाड, हाताला कडक लागते. रंग हिरवागार. शेंडे छान आहेत. फळे धरलीत, मोठी होत आहेत. खालच्या बाजूला काही दिसले नाही.

कठड्याजवळ जास्वंदीच्या बाजूच्या दोन कुंड्या: इथे उलट आहे. बुडाची पाने ठीक, शेंड्याची पाने बारीक बारीक, वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळ्या. झाड थांबलेच आहे, वर नुसता झुपका झाला आहे. फुले गळतात, एकही फळ नाही. हलवले तर पांढरे बारीक काहीतरी भुर्रकन उडाले. जास्वंद हलवली तर त्याहून जास्त उडाले.

एक ग्रो बॅग: हेच ते मान टाकणारे झाड. आधी दुपारी वाकायचे आणि रात्री उभे व्हायचे, आता सकाळीही मरगळलेलेच असते. खालची पाने पिवळी. माती ओली आहे, म्हणजे तहान नाही.
बाकीची झाडे ठणठणीत.

पर्णरंध्र
असे वर्णन माझे विद्यार्थी परीक्षेत लिहीत नसत! आता एकेक घेऊ.

टाकीजवळच्या चार कुंड्या आजारी नाहीत. ऊन, कोरडी हवा आणि कुंडीतले कमी-जास्त होणारे पाणी यांमुळे टमाटर स्वतःची पाने गुंडाळून घेते, म्हणजे उन्हाला तोंड देणारा पानाचा भाग कमी होतो आणि पाणी कमी उडते. बुडाच्या पानांपासून सुरुवात, पान जाड आणि हिरवे, शेंडा निरोगी, ही त्याची खूण. नत्र जास्त झाले किंवा एकदम खूप फुटवे खुडले तरी असे होते. वळलेले पान पुन्हा सपाट होईलच असे नाही, पण फळाला त्याने फरक पडत नाही. काही फवारू नका. पाणी सकाळी, रोज सारखे, मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर, आणि दुपारच्या उन्हाला हिरवी नेट.

जास्वंदीजवळची दोन झाडे मात्र पर्णगुच्छाची आहेत असे मला वर्णनावरून वाटते, म्हणजे टोमॅटोचा लीफ कर्ल विषाणू. तो पांढरी माशी पसरवते. तिने आजारी झाडाचा रस शोषला की विषाणू तिच्या पोटात जातो आणि पुढे ती ज्या झाडावर बसेल त्याला तो मिळत जातो. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे आज दिसते ते फेब्रुवारीतले आहे. विषाणूवर औषध नाही. नीम तेल, ताक, तुमच्या दुकानदाराची कुठलीही बाटली, काहीही असो. फवारा फार तर माशी कमी करेल. ही दोन्ही झाडे काढा.

ग्रो बॅगचे मूळ बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ओल्या मातीत झाड वाकते याचा अर्थ पाणी आहे पण वर चढत नाही. एक तर मुळे सडली, किंवा खोडातल्या नळ्या बुरशीने वा जिवाणूने बंद केल्या, किंवा मुळांवर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्याला न दिसणारे बारीक कृमी, आहेत. झाड उपटावे लागेल. उपटलेत की खोडाचा बुडाजवळचा वीतभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात नुसते टोक बुडेल असा धरा. पाच-दहा मिनिटांत टोकातून दुधाळ धागे उतरले तर जिवाणूजन्य मर. धागे नाहीत, पण खोड उभे चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या तर बुरशीची मर, फ्युजेरियम. त्यात बहुधा आधी एकाच बाजूची पाने पिवळी पडतात. आणि मुळे धुऊन बघा.

वऱ्हाडी_पाटील
ताई, मी काटोलकडचा शेतकरी माणूस. सरायनं सांगतलं ते बराबर हाय. ते दोन झाडं उपटून टाका, दया-माया करू नोका. एक झाड ठेवलं तर ते साऱ्या गच्चीले लागन. उपटाच्या आंधी त्याच्यावर पॉलिथिनची थैली उलटी घाला, मंग बुडातून काढा, म्हंजे माशी उडून दुसऱ्या झाडावर जात नाई. थैलीचं तोंड बांधून उनात ठेवा.
आमच्याकडं पऱ्हाटी (कपाशी) उभी असली, की फरदड (येचनी झाल्यावरही राखलेली पऱ्हाटी) असो का काई असो, माशी तिथंच राह्यते. पऱ्हाटी वाळली की ती वांगे, भेंडी, टमाटर पाह्यते. तुमच्या गच्चीवर वावर नाई पण जास्वंद हाय नं, तिले तेवढं पुरे.

निशिगंधा
मला हे "उपटा" काही पटत नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोन झाडांची शेंड्याची पाने अशीच वाकडी झाली होती. मी जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण) दिले, नीम फवारले, आणि झाडे सुधारली, टमाटरही आले. इथे कोणी लगेच मृत्युपत्रच वाचते.

पर्णरंध्र
निशिगंधा ताई, तुमच्या झाडांच्या पानांच्या कडा वर होत्या की खाली?

निशिगंधा
खाली. पाने थोडी लांबट झाली होती आणि खालून तांबूस, चकचकीत.

पर्णरंध्र
मग तो कोळी असावा, पांढरा कोळी. डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. तो शेंड्यातला रस शोषतो, पान खाली वळते, मागची बाजू तांबूस-चकचकीत होते. मिरचीवर हेच फार दिसते. कोळ्याला नीम तेलाने आळा बसतो, झाड सुधारते. म्हणजे तुमचे औषध लागू पडले, कारण तुमचा आजार वेगळा होता. फुलकिडे असतील तर पान वर वळते आणि त्यावर चंदेरी ओरखडे दिसतात, तेही निस्तरता येते. (फुलकिडेही एक वेगळा विषाणू आणतात, त्यात शेंडा तांबूस होऊन जळतो. तो इथे दिसत नाही म्हणून विषय वाढवत नाही.)

निशिगंधा
बरं. कडांचा मुद्दा मान्य. पण जीवामृताचे श्रेय मी सोडणार नाही.

अभियंता_मनीषनगर
कोळ्यावर गंधक चालते ना? पाण्यात मिसळणारी पावडर मिळते.

पर्णरंध्र
चालते, थंडीत. नागपुरात मार्चनंतर गंधक मारू नका. पारा ३५ च्या आसपास गेला की गंधकाने पाने भाजतात.

कूलरकाका
माझा वेगळाच अनुभव लिहितो. प्रतापनगरला राहतो. मागच्या एप्रिलमध्ये झाडांची पाने कडेने वाळायला लागली, कड तपकिरी, कुरकुरीत, मग पान आत वळायचे. बायको म्हणे रोग, मी म्हणे ऊन. शेवटी मुलाने शोधले. आम्ही कूलरच्या टाकीतले पाणी बदलायचो तेव्हा जुने पाणी वाया नको म्हणून कुंड्यांना घालायचो. आमची बोअर आधीच खारी. कूलरमध्ये पाणी दिवसभर उडते आणि क्षार खाली टाकीतच राहतात, वरून पुन्हा बोअरचेच पाणी भरायचे. आठवड्याच्या शेवटी टाकीत जे उरते ते पाणी कमी आणि मीठ जास्त. कूलरच्या वाळ्याच्या पॅडवर पांढरा थर येतो तोच कुंडीत जात होता.
मग नळाचे पाणी भरपूर घालून, तळाच्या भोकातून वाहू देऊन, कुंड्या धुऊन काढल्या. नवी पाने नीट आली.

बेसा_रोड
बाप्पा! आम्ही तर हेच "पाणी वाचवा" म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना सांगितले होते.

संत्राबर्फी
आता सोसायटीच्या ग्रुपवर शोकसंदेश टाका.

अभियंता_मनीषनगर
अवांतर: वाळ्याचे पॅड अजून कोण वापरतो? बर्डीला (सीताबर्डीला) चांगले कुठे मिळतात? मागच्या वेळी घेतलेले दोन पाण्यांतच झडले.

कूलरकाका
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. दुकानाचे नाव इथे लिहिले की पुढच्या वर्षी भाव वाढतो.

वऱ्हाडी_पाटील
एक गोष्ट राह्यली. ताई, फवाराचा पंप कोणाचा आनसान तर इचारून घ्या आंधी त्यात काय मारलं व्हतं. आमच्या गावात एकानं गव्हातल्या तणाले टू-फोर-डी मारलं, पंप दोन पाण्यानं धुतला, आन त्याच पंपानं पऱ्हाटीवर किडीचं औषध मारलं. चार दिवसात साऱ्या पऱ्हाटीचे पानं बारीक, लांबोळके, बोटावानी फाटलेले. तो म्हने कोकडा आला. दुकानदारानं त्याले अजून औषध देल्लं! कपाशी आन टमाटर, दोघायले हे तणनाशक अजिबात सोसत नाई. वाऱ्यानं उडून आलं तरी पानं वाकडे होतात. तणनाशकाचा पंप येगळाच पायजे.

पर्णरंध्र
पाटील साहेब, फार मोलाचे सांगितलेत. शहरातही हे घडते. सोसायटीच्या लॉनवर तणनाशक मारले आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतले टमाटर वाकडे झाले, अशी प्रकरणे पाहिली आहेत. त्यात पिवळेपणा कमी, पानाचा आकारच बिघडतो, शिरा जवळजवळ येतात, देठ पिळवटतात. आणि सगळी झाडे एकाच वेळी, वारा आला त्या बाजूची. किडीचा रोग असा सगळीकडे एकदम दिसत नाही.

ताकतुंबा
सर, ताकाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. कढी म्हणून हसले लोक.

पर्णरंध्र
भुरीसारख्या (पानावर पांढरी पूड आणणाऱ्या) बुरशीवर दुधा-ताकाचा थोडाफार उपयोग दिसतो. पान वळण्यावर नाही. तांबे किती उतरले हे मोजता येत नसल्याने मी ते सांगत नाही. आणि विषाणूचाच विषय निघाला आहे तर एक सूचना, विशेषतः नागपूरकरांना: खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) खाऊन टमाटरला हात लावू नका.

संत्राबर्फी
ह्यॅ! आता झाडांनाही खर्रा चालत नाही?

पर्णरंध्र
गंमत नाही. तंबाखू आणि टमाटर एकाच कुळातले. तंबाखूच्या मोझॅकचा विषाणू वाळलेल्या, घोटलेल्या तंबाखूतही तग धरू शकतो आणि हाताने, कात्रीने झाडाला लागतो. पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे येतात, कधी पाने अरुंद होऊन दोऱ्यासारखी होतात. तो माशीने नाही, माणसाने पसरतो. पर्णगुच्छाचे याच्या उलट आहे, हात लावून तो जात नाही, त्याला माशीच लागते. माळी खर्रा घोटत फुटवे खुडत असेल तर आधी साबणाने हात धुवायला सांगा.

बेसा_रोड
आमच्या माळ्याला हे सांगितले तर तो झाडे सोडेल, खर्रा सोडणार नाही.

गच्चीवाली
मंडळी, आज सकाळी कामाला लागले.
दोन झाडे पाटीलदादांनी सांगितली तशी थैलीत घालून काढली. वाईट वाटले, पण काढली. जास्वंदीला पाण्याचा जोरात फवारा मारला पानांच्या खालून, मग संध्याकाळी नीम तेल. (निशिगंधा ताई, तुमचेच प्रमाण.)
ग्रो बॅगचे झाड उपटले. ग्लासाचा प्रयोग मुलासमोर केला, तो घड्याळ लावून बसला होता. दुधाळ धागे आले नाहीत. खोड चिरले, आत स्वच्छ. पण मुळे धुतली आणि दचकलेच. मुळांवर जागोजागी गाठी, बारीक मण्यांपासून बोराएवढ्या, आणि बारीक मुळ्या जवळपास नाहीतच. हे काय?

वऱ्हाडी_पाटील
सूत्रकृमी. माती कुठची आनली?

गच्चीवाली
सासऱ्यांनी अंगणात वांगी लावायचे, त्या वाफ्यातली काळी माती. दुसऱ्या ग्रो बॅगमध्येही तीच आहे.

पर्णरंध्र
मग उलगडा झाला. वांगे, टमाटर, मिरची, आलू ही सगळी एकाच कुळातली, आणि त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे वांगी घेतली की मातीत मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची वस्ती वाढत जाते. ते मुळात घुसतात, गाठी होतात, पाणी वर जात नाही. सुरुवातीला झाड फक्त दुपारी वाकते, त्यामुळे सगळ्यांना तहान लागली असेच वाटते आणि लोक अजून पाणी घालतात. त्यात काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही.
कोथरूडकर, दोन वेळा पाणी घालण्याचा तुमचा सल्ला या कुंडीला नेमका उलटा पडला असता.

कोथरूडकर
मान्य. मी माझी झारी आवरतो.

पर्णरंध्र
त्या मातीचे काय करायचे ते सांगतो, आणि इथे नागपूरकर असण्याचा फायदा आहे. माती ओली करा, गच्चीवर काळ्या नव्हे तर पारदर्शक प्लास्टिकखाली वीतभर थर करून पसरा, कडा विटांनी दाबून हवाबंद करा आणि एप्रिल-मेचे चार ते सहा आठवडे तशीच राहू द्या. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. प्लास्टिकखालच्या ओल्या मातीत त्याहून बरेच जास्त तापमान होते, त्यात सूत्रकृमी, बुरशी, तणाचे बी, पुष्कळ काही मरते. माती ओली हवी, कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही. नंतर त्यात कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळा, थोडी जाड वाळूही. पावसाळ्यात तिथे झेंडू लावा. टमाटर-वांगे दोन वर्षे तरी नको, पालक-मेथी-सांबार (कोथिंबीर) चालेल, पण मुळे मधून मधून उपटून बघत राहा, कारण हे सूत्रकृमी पालकालाही सोडत नाहीत.
गाठी असलेले मूळ कंपोस्टमध्ये टाकू नका.

अभियंता_मनीषनगर
उन्हाने इतके फुकट काम केलेले पहिल्यांदाच ऐकतो आहे.

कूलरकाका
नवतप्यात (मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत) आम्हालाही प्लास्टिकखाली ठेवलेच असते की.

तुळशीबाग_महाल
मी फक्त वाचत होते. नागपुरात टमाटर लावायचेच कधी? मी जानेवारीत लावते आणि दर वर्षी फुले गळतात.

वऱ्हाडी_पाटील
ताई, जानेवारी उशीर झाला. आगस्टाच्या शेवटी रोपं टाका, सप्टेंबर-अक्टूबरात लावा. दिवाळीनंतर तोडा चालू. थंडीभर खा. मार्चात झाडाले राम राम.

पर्णरंध्र
पाटील साहेबांचे वेळापत्रक उत्तम. फुले गळण्याचे कारण बहुतेक वेळा तापमान असते. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री पारा २४-२५ च्या खाली उतरत नसेल तर परागकण नीट काम करत नाहीत, फूल गळते. त्यावर टॉनिक नाही.
रोपे टाकाल तेव्हा वाफ्यावर ४० ते ५० मेशची (एका इंचात तितकी भोके असलेली) बारीक जाळी लावा, रोपे महिन्याची होईपर्यंत. पर्णगुच्छाची सगळ्यात वाईट लागण याच वयात होते. मच्छरदाणीतून पांढरी माशी सहज आत जाते, तिच्या भरवशावर राहू नका. कुंड्यांच्या मध्ये पिवळे चिकट सापळे लावा, त्याने माशी किती आहे ते कळते. संपत मात्र नाही. जाती घ्यायच्याच तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक बघा, ती पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक म्हणून काढली आहे. ती संकरित आहे, त्यामुळे तिच्या फळातले बी पुढच्या वर्षी लावाल तर तेच गुण मिळणार नाहीत.

निशिगंधा
मी गावरानच लावणार. चवीला संकरित टमाटर म्हणजे पाणी. टमाटरच्या चटणीला गावरानच पाहिजे, लसूण आणि हिरवी मिरची तव्यावर भाजून.

बेसा_रोड
+१, आणि वरून कच्चे तेल. ज्वारीची भाकर. हा धागा उपाशीपोटी वाचायचा नाही.

ताकतुंबा
सोबत ताक.

गच्चीवाली
:)
सर, एक शंका. त्या दोन झाडांचे मला वर्णनावरून कळले, पण खात्री करायची असती तर?

पर्णरंध्र
बर्डीजवळ महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, १९०६ पासूनचे. तिथे वनस्पती रोगशास्त्राचा विभाग आहे, विचारून बघा. कुठेही दाखवायला न्याल तेव्हा एक पान नेऊ नका. मुळांसकट झाड, माती थोडी लागलेली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सकाळीच. वाळलेल्या पानावरून कोणी काही सांगू शकत नाही. आणि आधी कोणते खत, कोणता फवारा दिला ते खरे सांगा. लोक डॉक्टरपासून लपवतात तसेच झाडाच्या डॉक्टरपासूनही लपवतात.

गच्चीवाली
धागा वर काढते आहे. एप्रिल संपत आला.
टाकीजवळच्या चार कुंड्यांची पाने अजून नळीसारखीच आहेत, नेट लावली, पालापाचोळा घातला, फवारले काहीच नाही. फळे पिकली, पोराने अर्धी वरच संपवली. आता नवी फुले गळतात, ते अपेक्षितच होते. दुसऱ्या ग्रो बॅगमधले झाड उपटले, त्यालाही गाठी निघाल्या. दोन्हींची माती प्लास्टिकखाली आहे, हात लावला तर चटका बसतो.
ठणठणीत होती त्यातल्या एका कुंडीत मात्र परवा शेंड्याची पाने लहान आणि कडेने पिवळी दिसली. माशी आहेच.

वऱ्हाडी_पाटील
काढा.

गच्चीवाली
काढली, दादा. फोटो काढून लगेच काढली.

तुळशीबाग_महाल
ताई, जास्वंदीचे काय केले? माझ्याही दारात आहे, ती काढावी लागेल का?

पर्णरंध्र
काढू नका. छाटा, पानांखालून पाणी मारत राहा, आणि टमाटर तिच्यापासून जितके लांब ठेवता येतील तितके ठेवा. घाणेरी उगवली असेल तर ती मात्र उपटा.

निशिगंधा
मी ऑगस्टमध्ये गावरान बी टाकणार आहे, जाळीखाली, सरांनी सांगितले तसे. रोपे जास्त होतीलच. कोणाला हवी असतील तर आत्ताच नाव सांगून ठेवा.

कूलरकाका
चार माझी. प्रतापनगरहून येऊन घेऊन जाईन. बदल्यात वाळ्याच्या पॅडवाल्याचा पत्ता.

अभियंता_मनीषनगर
मला व्यनि अजून मिळालेला नाही बरं का.